पाचवा फाउल

कॉलेजच्या भिंतीवरून चेंडू आला तो थेट माझ्या सायकलवर. मी, सायकल आणि सीताबर्डीहून आणलेली लोकर, तिघंही धुळीत. मागोमाग भिंतीवरून एक ताडमाड मुलगा उतरला आणि त्याने आधी चेंडू उचलला… आधी चेंडू! मग मी असा काही दम भरला, की बिचारा मुकाट्याने लोकर गुंडाळत उभा राहिला.

हाच रुपराव, हे मैत्रिणीने दुसऱ्या दिवशी सांगितलं. युनिव्हर्सिटीच्या बास्केटबॉल टीमचा कॅप्टन, सलग तीन वर्षं कलर, म्हणजे युनिव्हर्सिटीकडून खेळण्याचा मान, मिळवलेला, विदर्भाच्या टीममधला. कोराडीच्या कॉलनीतून पहिल्या बसने यायचा आणि तास सुरू व्हायच्या आत घामाघूम व्हायचा. मी मुलींच्या टीममध्ये होते, म्हणून मुलांच्या सामन्यात गुण लिहायला मला टेबलावर बसवत. लिहायचे गुण आणि बघायचं त्याला, असं माझं चालायचं. काय ती उडी! वर गेला की खाली यायचं विसरला, असंच वाटायचं.

पण माझा जीव जडला तो निराळ्याच गोष्टीवर. फाउल झाला की खेळाडूने टेबलाकडे तोंड करून स्वतः हात वर करायचा, असा तेव्हा नियम होता. बाकीचे काखेत गळू झाल्यासारखा अर्धाच हात उचलत. रुपराव मात्र ताठ हात वर करून माझ्याकडे बघायचा… आणि माझा पेन तिथेच थांबायचा.

फायनलच्या आदल्या दिवशी त्याने अडखळत सांगितलं, की रेल्वेचे साहेब सामना बघायला येणार आहेत. त्यांनी निवडलं तर नोकरी, आणि नोकरी लागली की तो माझ्या बाबांना भेटायला येणार. कशासाठी, ते मी विचारलं नाही. कानशिलं मात्र तापली.

फायनलमध्ये त्याचे चार फाउल आधीच झाले होते. पाचवा झाला की मैदानाबाहेर. सामना अगदी शेवटाला आलेला, दोन्ही टीम बरोबरीत. बास्केटखाली झटापट झाली, शिट्टी वाजली, पण धक्का कोणाचा लागला ते रेफरीला नीट दिसलं नाही. त्याने अंदाजाने आमच्या कवडूकडे बोट दाखवलं. कवडूचा तो पहिलाच फाउल, काही बिघडणार नव्हतं. तेवढ्यात रुपरावने हात वर केला. माझ्याकडे बघत. तो पाचवा फाउल मलाच लिहावा लागला. सामना आम्ही हरलो, आणि साहेबांनी समोरच्या टीमचा मुलगा निवडला.

रुपराव नळावर तोंड धूत होता. मी तणतणत गेले.

"कोणी पाहिलं नव्हतं. हात काहून वर केला?"

"धक्का माझाच लागला होता. अन् टेबलावर तुम्ही होत्या… तुमच्यासमोर नाही जमलं मले."

भांडायला गेले होते आणि डोळेच भरून आले. असा माणूस मला पुन्हा कुठे भेटणार होता?

"रविवारी बाबा घरीच असतात," मी म्हटलं.

"नोकरी गेली हातची. आता कोणत्या तोंडानं येऊ? ते नाही म्हणतीन."

"बाबांचं बाबा बघतील. मी हो म्हणतेय… ते ऐकलं का?"