पंप ओरडला नाही

ही हकीकत खरी आहे.

भुताच्या गोष्टी रात्रीच्या असतात, म्हणून लोक त्या हसण्यावारी नेतात. ही भर दुपारी तीन वाजता घडली. बुधवार होता. बाहेर लख्ख ऊन होतं आणि रस्त्यावर माणसांची ये-जा चालू होती. ज्याच्या बाबतीत घडली तो माझा सख्खा भाचा. त्याला आम्ही सगळे धाकटा म्हणतो. त्याने सांगितलं तसं लिहितो आहे. पदरचं काही घातलेलं नाही.

धाकटा आणि त्याचा थोरला भाऊ दादा, दोघांचं मिळून कॉम्प्युटरचं दुकान होतं. रस्त्याला लागून दोन खोल्या. पुढे काउंटर, मागे एक लांब टेबल. त्या टेबलावर ते पाण्याने गार राहणारे कॉम्प्युटर बांधायचे. पंखे घोंघावतात, पाण्याचा आवाज होत नाही. ज्यांना कामासाठी शांतता लागते ती माणसं दुरून त्यांच्याकडे यायची.

"लोक दुधात पाणी घालतात, माझे भाचे कॉम्प्युटरमध्ये घालतात," असं मी म्हणायचो.

"मामा, दुधातलं पाणी पचून जातं," दादा म्हणायचा. "आमचा एक थेंब बाहेर आला की आमची सगळी मेहनत पाण्यात."

अशा कॉम्प्युटरचा जीव त्याच्या पंपात असतो. मुठीएवढा पंप. तो पाणी फिरवत राहतो. तो थांबला की पाणी जागच्या जागी तापायला लागतं, आणि थांबल्याचं कुणाला कळतही नाही. म्हणून त्याला अलार्म लावतात. पंपाची एक बारीक वायर त्याचा वेग बोर्डाला कळवत असते. वेग ठरवलेल्या आकड्याच्या खाली गेला की आतला छोटा बझर ओरडतो.

दादाचा एक नियम होता. अलार्म लावून झाला की धाकट्याने चालू मशीनमधून पंपाची वायर उपटायची. दादा डोळे मिटून बसायचा आणि टेबलावर बोट आपटायचा. टक. टक. टक. तीन मोजायच्या आत बझर ओरडलाच पाहिजे. मग दादा पांढऱ्या चिकटपट्टीवर तारीख घालून एकच शब्द लिहायचा, 'ओरडला'. ती पट्टी झाकणाच्या आतल्या बाजूला लागायची.

"मुकं मशीन दाराबाहेर जाणार नाही," हे त्याचं ठरलेलं वाक्य.

एक गेलं.

गाणं शिकवणाऱ्या एक वयस्कर बाई होत्या. त्यांचे यजमानही गवई. ते वारले, तेव्हा बावीस वर्षांच्या शिकवणीच्या कॅसेटी मागे राहिल्या. त्यांना बुरशी लागली होती. बाई एकेक कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवून घेत होत्या आणि उतरलेली टाकून देत होत्या. त्याच खोलीत मुली शिकायला यायच्या, म्हणून त्यांना बिनआवाजाचं मशीन हवं होतं.

मशीन न्यायला टेम्पो आला त्या दिवशी दादा तापाने घरी होता.

पाणी भरताना नळ्यांत बुडबुडे राहतात. पंप अडखळतो आणि बझर उगाच कोकलत बसतो. म्हणून पाणी भरेपर्यंत धाकटा अलार्म बंद ठेवायचा आणि मग आठवणीने चालू करायचा. त्या दिवशी टेम्पोवाला दारात उभा.

"साहेब, आवरा की! गाडी भर रस्त्यात उभी आहे. मागचे हॉर्न मारून माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करतायत."

"झालंच, झालंच," धाकटा म्हणाला.

झालं नव्हतं. अलार्म बंदच राहिला. वायर उपटून पाहिली असती तर तेव्हाच कळलं असतं. त्याने उपटली नाही. आणि पट्टी कोरी कशी पाठवायची, म्हणून तिच्यावर आदल्या दिवसाची, दादा दुकानात होता तेव्हाची, तारीख घालून लिहिलं, 'ओरडला'.

दादाच्या अक्षरात. लहानपणापासून त्याला दादाचं अक्षर हुबेहूब यायचं.

दोन महिन्यांनी बाईंचा फोन आला. त्या मशीन चालू ठेवून बाहेर गेल्या होत्या. परत येऊन बघतात तो खोलीत जळका वास. पंप केव्हाच थांबला होता. तापलेल्या पाण्याने एक नळी मऊ पडली, सांध्यातून निसटली आणि कढत पाणी खालच्या डिस्कवर सांडलं.

बावीस वर्षांचा आवाज त्या डिस्कवर होता.

दोघं भाऊ धावत गेले. दादाने झाकण उघडलं. आतून पट्टी दिसली.

दादा बराच वेळ त्या पट्टीकडे बघत राहिला. मग एकदा त्याने धाकट्याकडे पाहिलं. फक्त एकदा.

"अक्षर माझंच आहे," तो म्हणाला. "बाई, मला बझर ऐकू आला म्हणून मी लिहिलं. माझ्या कानांनी दगा दिला. चूक माझी."

बाई एका शब्दाने रागावल्या नाहीत. नुसत्या त्या ओल्या डिस्कवरून पदर फिरवत राहिल्या.

खरं काय ते धाकट्याच्या ओठांवर आलं होतं. पण जीभ उचलली नाही. आज सांगू, उद्या सांगू, असं करत दिवस गेले.

दादाने दुकानात येणं सोडलं.

"माझा आता भरवसा नाही रे," एवढंच म्हणाला. डॉक्टरांनी कान तपासले. ठणठणीत. तरी घरी तो घड्याळ कानाशी धरून बसायचा. बायकोला, म्हणजे धाकट्याच्या वहिनींना, विचारायचा, "वाजतंय ना? मला वाजल्यासारखं वाटतंय. खरंच वाजतंय ना?"

आठ महिन्यांनी एका सकाळी तो चहा पितापिता गेला. हृदय बंद पडलं.

धाकट्याने खांदा दिला. तेव्हाही गप्पच.

त्यानंतरचा तिसरा बुधवार...

दुपारचे तीन वाजले होते. टेबलावर एक मशीन तयार होतं. पाणी भरून झालं होतं. या वेळी धाकट्याने अलार्म चालू केला, दोनदा बघून खात्री केली. मग वायर उपटली.

शांतता.

पडद्यावर वेगाचा आकडा शून्य झाला. लाल झाला. बझर मात्र ओरडला नाही.

त्याने बझर काढून सुट्या बॅटरीवर लावला. कर्रकन ओरडला. परत जागेवर बसवला. परत वायर उपटली.

शांतता...

आणि मग, टेबलाच्या दुसऱ्या टोकाकडून...

टक.

टक.

टक.

धाकट्याने मान वर केली नाही. त्या टोकाला दादाची खुर्ची होती. पुढच्या खोलीत एक गिऱ्हाईक आलं होतं, छापखानेवाला, जुना ओळखीचा. धाकट्याने त्याला हाक मारली.

"जरा ही वायर ओढता का?"

"काय हो, आता गिऱ्हाइकाकडूनच कामं करून घेता? उद्या झाडू हातात द्याल." त्याने हसत हसत वायर ओढली.

बझर असा कोकलला की त्याने कानांवर हात ठेवले.

"अहो, बंद करा ते! कानठळ्या बसल्या!"

मग धाकट्याने स्वतः ओढली. आवाज नाही. छापखानेवाला गेल्यावर पुन्हा ओढली. आवाज नाही. फक्त ते बोट.

टक. टक. टक.

पुढचं मशीन, तेच. त्याच्या पुढचं, तेच. दुसऱ्या कुणी वायर ओढली की ओरडायचं. धाकट्याच्या हाताला मुकं.

पाचव्या की सहाव्या बुधवारी मांडणीवरची चारही मशीनं चालू होती. पंपांची ती बारीक घरघर, सवयीने जी ऐकूच येत नाही, ती एकदम थांबली. चारही एका क्षणी. तेव्हा त्याला कळलं, खोलीत किती आवाज होता ते.

त्या शांततेत कुणीतरी श्वास रोखून ऐकत होतं. असं धाकटाच म्हणतो. श्वास ऐकू येत नव्हता, रोखलेला कळत होता.

तीन मोजेपर्यंत. मग पंप आपोआप सुरू झाले.

त्या दिवशी वहिनी डबा घेऊन आल्या होत्या. दादा गेल्यावरही त्यांनी धाकट्याचा डबा थांबवला नव्हता.

"भावजी, तोंड का असं पडलंय? जेवत नाही तुम्ही. कालची पोळी तशीच आली परत."

"भूक नाही, वहिनी."

"भूक नसायला काय झालं? ह्यांचंही असंच सुरू झालं होतं. कानांपायी जेवण तुटलं, झोप तुटली." त्या खुर्चीकडे बघत म्हणाल्या. "शेवटी शेवटी मला म्हणाले, मी मेल्यावर तरी मला नीट ऐकू येईल का गं?"

धाकट्याला वाटलं, जमीन दुभंगावी. वहिनींना तिथल्या तिथे सांगायचं होतं. पण ज्या हातांनी डबा दिला त्यांच्याकडे बघून बोलवेना. त्याने ठरवलं, आधी बाईंकडे जायचं. ज्यांच्यासमोर दादाने मान खाली घातली, त्यांच्यासमोर खरं बोलायचं. दादाचं नाव धुऊन काढायचं. मग वहिनी.

पुढच्याच बुधवारी तो गेला. दुपारचे चार वाजले होते.

बाई तिसऱ्या मजल्यावर राहायच्या. गुडघ्यांमुळे खाली उतरणं त्यांनी कधीच सोडलं होतं. दार त्यांनीच उघडलं. चेहरा प्रसन्न. खिडकीशी लॅपटॉप, त्यातून बारीक खरखर चालू होती. समोर दोन खुर्च्या जवळजवळ मांडलेल्या.

"या, बसा. डिस्कवरचे काही तुकडे निघाले बरं का! एकाने काढून दिले. नुसती खरखर आहे, पण मध्येच कुठेतरी ह्यांचा आवाज सापडतो."

धाकटा बसला नाही. उभ्यानेच बोलला. एका दमात. अलार्म बंद राहिला, वायर ओढली नाही, पट्टीवरचं अक्षर माझं, दादाला यातलं काही माहीत नव्हतं. दादाच्या कानांत काही दोष नव्हता. चूक माझी.

बोलून झाल्यावर त्याने हात जोडले.

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. आणि हसल्या. मायेने.

"अगदी तेच बोललात," त्या म्हणाल्या.

"काय?"

"ते म्हणालेच होते. धाकटा एक दिवस येईल, सगळं स्वतःच्या अंगावर घेईल. लहानपणापासून तसाच आहे. त्याचं ऐकू नका, बाई. मला वाचवायला खोटं बोलेल."

"कोण म्हणालं?"

"कोण म्हणजे? तुमचे दादा."

धाकट्याची नजर त्या दोन खुर्च्यांवर गेली.

"कधी... कधी म्हणाले?"

"हे काय, आत्ताच. गेला दीड महिना दर बुधवारी येतात की. या खुर्चीत बसून खरखर ऐकतात. केवढे तयार कान हो त्यांचे! मला गाण्यात जन्म गेलेलीला ऐकू येत नाही, तिथे ते बोट उचलतात. म्हणतात, इथे थांबवा, इथे आवाज आहे. आणि असतो!" त्यांनी स्टुलावरचा पाण्याचा ग्लास उचलला. अर्धा प्यालेला होता. "पाच मिनिटं झाली असतील जाऊन. जिन्यात भेटले नाहीत?"

जिना एकच होता. धाकटा त्यानेच वर आला होता.

"बाई, दादा..." त्याने सुरुवात केली. पुढचा शब्द बोलायला तोंड उघडलं. पण बाईंच्या चेहऱ्यावर एवढं समाधान होतं, की गेला असं सांगायचा धीर होईना. तो एवढंच म्हणाला, "बाई, मी खरं सांगतोय हो. चूक माझीच आहे."

बाईंनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

"भाऊ असावा तर असा," त्या म्हणाल्या.

धाकटा मला म्हणाला, "मामा, त्यांनी माझ्या थोबाडीत मारली असती तर मी घरी येऊन झोपलो असतो."

त्याच संध्याकाळी त्याने वहिनींना सांगितलं. वहिनी खूप वेळ रडल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, "ह्यांच्यासाठी तुम्ही एवढं करताय, भावजी. पण गेलेल्या माणसाची चूक आपल्या डोक्यावर घेऊन काय मिळणार?"

तोही दरवाजा बंद झाला.

दादाला ते अक्षर कुणाचं हे पट्टी बघताच कळलं होतं, की शेवटपर्यंत तो खरंच स्वतःच्या कानांना दोष देत राहिला? मी यावर पुष्कळ विचार केला. कळलं असेल, तर तो त्याला माफ करतो आहे की शिक्षा, हे मला ठरवता येत नाही.

धाकट्याने दुकान विकलं. आता तो दर बुधवारी तीन वाजता बाईंच्या जिन्यात, दुसऱ्या मजल्याच्या पायरीवर जाऊन बसतो. दादाची वाट अडवून. एकदा समोर येऊ दे, पाय धरतो, म्हणतो.

गेल्या बुधवारी मी त्याच्याबरोबर गेलो होतो. दोघं मामा-भाचे पायरीवर बसलो. जिना अरुंद आहे, मधून मांजरही गेलं नसतं. वर कुणी गेलं नाही. खाली कुणी आलं नाही.

साडेतीनला वर दार उघडल्याचा आवाज झाला.

आणि बाईंचा आवाज आला, स्पष्ट...

"या, बसा. आज धाकट्यालाही आणायचं होतं ना बरोबर. खालीच बसलाय म्हणता?"