टिटवी खाली येईना

विमान पडलं की लोक रडतात, हे तुम्हाला ठाऊक असेल. आमचं विमान पडत नव्हतं, म्हणून माझे आजोबा रडकुंडीला आले होते. हसू नका. आधी ऐका, मग हसू आलंच तर हसा.

आमचं विमान म्हणजे टिटवी. वाघदरीच्या सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट कातळावर, आमचा छोटासा तळ आहे. दरडी कोसळून खालचे रस्ते सारखे बंद पडतात. म्हणून वाड्यावस्त्यांना औषधं पोचवायला आजोबांनी टिटवी बनवली. तिच्यात माणूस बसत नाही. ती स्वतःच यंत्रमानव आहे. तिला मेंदू आहे, आवाज आहे, आणि भोचकपणा तर विचारूच नका! चढताना ती छोटी मोटर लावते आणि वर गेली की मोटर बंद करून नुसती तरंगत घरी येते. अशा विमानाला ग्लायडर (इंजिनाशिवाय तरंगणारं विमान) म्हणतात. माझं नाव केतकी, पण ती मला ‘केतके’ म्हणूनच हाक मारते.

दसऱ्याला आम्ही तळावरच्या सगळ्या यंत्रांची पूजा करतो. जीप, पंप, चार्जर, सगळ्यांना झेंडूचे हार. टिटवीला नाकावर एक आणि डाव्या पंखावर एक. पंखावरचा हार आजोबा स्वतः घालतात, कारण पंखांवर त्यांच्या हातचे स्पॉइलर (उघडणाऱ्या-मिटणाऱ्या फळ्या) आहेत, त्यांचं सगळ्यात लाडकं काम. यंदा पूजा आटोपते न आटोपते तोच करंजधारच्या वाडीवरून निरोप आला. तिथल्या एका मुलीला फुरसं चावलं होतं, प्रतिविष (सापाचं विष मारणारं औषध) ताबडतोब हवं होतं. आजोबांनी भराभर हार ओढून काढले.

“आजोबा, उड्डाणाआधीची तपासणी राहिली,” टिटवी म्हणाली.

“अगं, तिकडे पोर तडफडतेय! तू निघ आधी.”

ती निघाली. करंजधारवर तिने औषधाची पेटी छत्रीला बांधून खाली सोडली. तिथे उतरायचं नसतंच. आणि परत येताना सड्यावर पोचली तसा रेडिओवर तिचा आवाज आला, “आजोबा, डावा स्पॉइलर उघडत नाहीये. दोन बोटं वर येतो आणि अडकतो.”

आजोबांनी चहाचा कप खाली ठेवला. “स्पॉइलर उघडल्याशिवाय ती खाली येणार कशी?”

“मोटर बंद करायला सांगा ना तिला,” मी म्हणाले.

“बंदच आहे.”

“मग ती पडत का नाही?”

आजोबा माझ्यावर खेकसले नाहीत, याचंच मला नवल वाटलं. वर बघत म्हणाले, “जीपच्या खिडकीतून हात बाहेर काढतेस ना? तळवा आडवा धरून पुढची कड जराशी उचललीस की काय होतं?”

“हात वर उचलला जातो.”

“का? तळवा हवेला खाली ढकलतो आणि हवा तुझ्या हाताला वर ढकलते. पंखाचंही तसंच. पंखावरून हवा गुळगुळीत, त्याला चिकटून वाहते आणि मागच्या कडेवरून खाली वळते. त्यातून मिळते ती उचल (विमानाला वर धरणारं बल). टिटवीचे पंख लांब आणि निमुळते आहेत. उचल भरपूर, रोध (मागे खेचणारं हवेचं बल) अगदी थोडा. नाक खाली केलं तर ती उतारावरच्या सायकलीसारखी वेग घेते. वेग वाढला की उचल वाढते, आणि बाईसाहेब पुन्हा वर!”

“म्हणजे पंख फारच चांगले झाले?”

“फारच. म्हणून तर ते मुद्दाम थोडे बिघडवावे लागतात. पंखाच्या पाठीवरची फळी उभी राहते, तोच स्पॉइलर. गुळगुळीत वाहणारी हवा तिच्यावर आपटते, पंखापासून सुटते, तिचा गोंधळ उडतो. तिथली उचल मोडते आणि रोध वाढतो, एका दगडात दोन पक्षी. काही विमानांना शेपटीशी किंवा पोटाशी एअरब्रेक (हवा अडवून वेग मारणारी फळी) असतो. तो मुख्यतः रोध वाढवतो, उचलीला फारसं काही करत नाही. स्पॉइलर दोन्ही करतो. चाकं टेकल्यावरही तो लागतो. नाहीतर विमानाचं वजन पंखच पेलत राहतात, चाकांवर भार येत नाही, आणि भार नसला तर चाकाचे ब्रेक नुसते घसरतात.”

“मग उजवा एकटाच उघडू दे की!”

“उजव्या पंखाची उचल जाईल, डाव्याची राहील,” वरून टिटवीच म्हणाली. “मी उजवीकडे कलंडेन, केतके. जमिनीजवळ कलंडले तर पंख कातळात घुसेल. त्यापेक्षा दोन्ही मिटून तिरकी येते. आडव्या अंगाने आले की माझं धडच ब्रेक होईल.”

आणि ती आली. शेपूट एका बाजूला काढून, अंग तिरकं करून, खेकड्यासारखी. थोडी उंची गेलीही. पण जमिनीलगत सरळ झाली आणि पुन्हा तरंगायला लागली. धावपट्टी संपत आली तरी चाकं टेकेनात. धावपट्टीच्या टोकाला तीन वाड्यांची माणसं दसऱ्याला जमली होती. टिटवी सगळ्यांच्या डोक्यांवरून गेली, कडा ओलांडला, आणि कड्यावरून वर चढणाऱ्या वाऱ्याने तिला पुन्हा उचललं. एक बाई आपल्या बाळाला पोटाशी धरून खालीच बसली होती.

“सुकाणू हलवायची वीज संपत आलीये,” टिटवी म्हणाली. “आणखी एकदा येऊ?”

आजोबांनी त्या माणसांकडे पाहिलं. पोरं अजून सैरावैरा धावत होती.

“नको,” ते म्हणाले. “कड्याखालच्या तळ्यात उतर. तिथे कुणी नाही.”

“पाण्यात माझी स्मृतिपेटी (आठवणी साठवणारा भाग) जाईल.”

“ठाऊक आहे. कालपर्यंतची नक्कल आहे तळावर.”

“मग फक्त आजचा दिवस जाईल.” थोडं थांबून ती म्हणाली, “चांगला होता पण.”

मी कान झाकून घेतले. तरी पाण्यावर आदळल्याचा आवाज आलाच.

संध्याकाळी तिला दोरांनी बाहेर काढलं. आजोबांनी डावी फळी उचकटली. बिजागरीच्या दांड्याला हाराचा पिवळा नायलॉनचा दोरा घट्ट गुंडाळला गेला होता. हार ओढताना फुलं हातात आली आणि दोरा तुटून फटीत राहिला होता. तपासणीत फळ्या एकदा उघडल्या असत्या तर तेव्हाच कळलं असतं. आजोबा तिथेच चिखलात बसले. “तिने विचारलं होतं मला,” एवढंच ते परत परत म्हणत राहिले. मी म्हटलं, ती मुलगी वाचली ना आजोबा? ते म्हणाले, “वाचली गं. पण फळ्या उघडून मिटायला कितीसा वेळ लागतो?” मला फार वाईट वाटलं, आजोबांसाठीही आणि टिटवीसाठीही.

टिटवीला नवं अंग मिळालं. नक्कल भरली तशी ती जागी झाली आणि म्हणाली, “केतके, उद्या दसरा ना?”

दिवाळी होऊन गेली होती. मी आजोबांकडे पाहिलं. मला वाटलं, आता काहीतरी थाप मारतील. पण त्यांनी स्टूल ओढलं, तिच्या नाकासमोर बसले आणि सगळं सांगितलं. फुरसं, हार, तपासणी, दोरा, तळं. काही लपवलं नाही. शेवटी म्हणाले, “चूक माझी होती, बाळ. मला माफ कर.”

एरवीचा भोचकपणा टिटवीच्या आवाजात नव्हता.

“मला करता येणार नाही, आजोबा,” ती म्हणाली. “रागावून नाही हं. मला त्यातलं काहीच आठवत नाही. जिला माफ करता आलं असतं, ती तळ्यात गेली.”

आजोबांनी मान खाली घातली.

मग तीच म्हणाली, “तपासणी मात्र मला येते. उघडू फळ्या?”

“उघड,” आजोबा म्हणाले.

डावी फळी उभी राहिली, उजवीही राहिली. आजोबांनी उठून दोन्ही बिजागऱ्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, “पुन्हा एकदा.”