रिंदलाच्या गाडीचं पेडल

मुलांनो, आधी एक करा. बसल्या जागी उजवा पाय पुढे सरकवा आणि असं समजा, की तळव्याखाली मोटारीच्या ब्रेकचं पेडल आहे. दाबा. त्या पेडलपासून चारही चाकांपर्यंत बारीक नळ्या गेल्या आहेत आणि त्यांत तेल भरलेलं आहे. तेल दाबलं तरी लहान होत नाही, म्हणून तुमच्या पायाचा जोर जसाच्या तसा चाकापर्यंत पोचतो. हवा मात्र दबते. नळीत हवेचा एक बुडबुडा जरी शिरला, तरी पेडल मऊ पडतं आणि गाडी थांबायची तशी थांबत नाही. ती हवा काढायला दोन माणसं लागतात. एक पेडलवर, दुसरा चाकापाशी.

लेबनॉनच्या डोंगरात हम्माना नावाचं गाव आहे. तिथे वदीअ शाहीन चाळीस वर्षं चाकापाशी बसत आला होता. त्याचं गॅरेज उताराला, दरीकडे तोंड करून. मागे चेरीची झाडं. उन्हाळ्यात दुपार कलली की दरीतून धुकं वर चढायचं आणि गॅरेजच्या दारात येऊन थांबायचं.

हवा काढताना वदीअचा एक नियम असे. चाकापाशी तो म्हणायचा, "धर." पेडलवरच्या माणसाने पेडल दाबून ठेवायचं आणि मोठ्याने म्हणायचं, "धरलं." ते कानांनी ऐकल्याशिवाय तो चाकामागचं निपल, म्हणजे हवा सोडायचं बारीक तोंड, उघडत नसे. मग तेल पिचकारीसारखं उडायचं, त्यातून बुडबुडे जायचे, तो निपल बंद करायचा आणि म्हणायचा, "सोड." उत्तर यायचं, "सोडलं." दुसरे गॅरेजवाले हसायचे, हे गॅरेज आहे की शाळा म्हणून. पण वदीअच्या हातची गाडी थांबली नाही, असं कधी झालं नव्हतं.

पूर्वी पेडलवर त्याची धाकटी मुलगी रिंदला बसायची. आता ती अठ्ठावीस वर्षांची झाली होती, आणि तिच्या जागी बसायची वदीअची नऊ वर्षांची नात जुमाना, म्हणजे रिंदलाच्या मोठ्या बहिणीची मुलगी.

त्या जूनमध्ये रिंदलाचं लग्न ठरलं. तिने हौसेने एक जुनी इटालियन गाडी घेतली होती. दोनच माणसं बसतील अशी, जमिनीला टेकलेली, रंगाने पिकल्या चेरीसारखी. चर्चमधून निघून समुद्रापर्यंतचा सगळा घाट ती स्वतः चालवत उतरणार होती, नवरा शेजारच्या सीटवर. नवरी गाडी चालवणार मग नवऱ्याने काय फुलं धरायची, असं एक मामी म्हणाल्या. रिंदला म्हणाली, "तेवढं तरी धरता येतं का बघू."

गाडीत खोट एकच होती. पेडल पहिल्यांदा दगडासारखं घट्ट लागायचं आणि मग पायाखालून हळूहळू तळापर्यंत जायचं.

वदीअने घाई केली नाही. आधी चारही चाकं आतून तपासली. कुठे ओल नव्हती. तेल गळत नसेल आणि पेडल खाली जात असेल, तर दोष बहुधा मास्टर सिलिंडरच्या, म्हणजे पेडलमागून तेल ढकलणाऱ्या नळकांड्याच्या, आतल्या रबरात असतो. त्याने नवं रबर बसवलं. तरी पेडल गेलं. मग सिलिंडरच नवा बसवला. पेडल गेलं. जुन्या रबरी नळ्या आतून फुगतात, म्हणून त्याही बदलल्या.

गुरुवारी दुपारी तो हवा काढायला बसला. जुमाना सीटच्या कडेवर सरकून पेडलपर्यंत पाय पोचवत होती. दारात धुकं आलं होतं. मागचं उजवं चाक झालं, डावं झालं. वदीअ पुढच्या चाकापाशी गेला.

"धर."

"धरलं."

तेल स्वच्छ आलं. एकही बुडबुडा नव्हता. चौथं चाकही तसंच झालं. कंबर धरत तो उठला, तर सीट रिकामी होती. जुमाना गॅरेजच्या मागून ओंजळभर चेरी घेऊन येत होती.

कधी उठलीस, असं त्याने विचारलं. मागची दोन चाकं झाल्यावर, ती म्हणाली.

"मग उत्तर कोण देत होतं?"

"मावशी," जुमाना चेरी खात म्हणाली. "मला वाटलं, ती बसली पेडलवर, म्हणून मी गेले."

रिंदला सकाळपासून बैरूतला होती, लग्नाचा पोशाख घालून बघायला. वदीअने तिला फोन लावला. मागे शिलाई मशीनचा आवाज येत होता.

त्याने जुमानाला घरी पाठवलं आणि स्टूल घेऊन गाडीशेजारी बसला. गाडीचं दार उघडं ठेवलं, पेडल दिसेल असं.

पेडल खाली गेलं. वर आलं. पुन्हा गेलं. गाडीमागच्या भिंतीवर ब्रेकचे दिवे तांबडे उमटले आणि विझले.

दोन छोटे दाब. मग एक लांब. मग बराच वेळ काही नाही. मग एक छोटा, आणि पाठोपाठ एक लांब.

वदीअच्या उजव्या पायाला ते त्याच्या आधी कळलं. हा गावाखालचा घाट होता. झऱ्याजवळची दोन वळणं, मग खडकाजवळचं मोठं वळण, मग सरळ रस्ता, अक्रोडाचं वळण, पुलाचं वळण. आता सहावं यायला हवं होतं, बंद पडलेल्या रेशीम गिरणीचं, जिथे एका बाजूला नुसती दरी आहे.

पेडल तळापर्यंत गेलं. वर आलं. घाईघाईने पुन्हा गेलं, पुन्हा, पुन्हा.

मग ते तळालाच राहिलं. भिंत तांबडी झाली ती तशीच.

शुक्रवारी वदीअने स्वतः तो घाट तीनदा उतरून पाहिला. सहाही वळणांवर ब्रेक असा लागला, की कुठल्याही उस्तादाने पाठ थोपटावी.

शनिवारी त्याने रिंदलाला ही गाडी नेऊ नकोस म्हणून सांगितलं. कारण काय सांगणार? जे पाहिलं तेच सांगितलं. तिने त्याचा हात हातात घेतला.

"बाबा, काल तुम्ही चालवलीत. ब्रेक लागला ना?"

"लागला."

"हवा काढलीत, तेव्हा धरलं म्हटल्याचं ऐकलंत ना?"

"ऐकलं."

"मग झालं तर. तुम्हीच शिकवलंय."

दाराशी जुमाना ऐकत उभी होती. मला सासरी पाठवायचं तुमच्या जिवावर आलंय, असं म्हणून रिंदला हसली आणि त्याचे डोळे पुसून गेली.

रविवारी गाडी चर्चच्या पायऱ्यांसमोर उभी होती, बॉनेटवर पांढरी फुलं बांधून. आत घंटा वाजायला लागली. वदीअ बाहेरच उभा होता. त्याला गाडीच्या मागच्या चाकापाशी पांढऱ्या फ्रॉकचा घेर दिसला.

जुमाना रस्त्यावर आडवी झाली होती. हातात त्याचा आठ नंबरचा पाना होता.

तिने "धर" म्हटलं नाही. तिने निपल सरळ उघडलं.

पेडलवर पाय नसेल, तर तेल थेंब थेंब पाझरतं. हे तेल उडालं. दोनदा थोडं. मग एकदा खूप. ब्रेकचे दिवे लागले, विझले, लागले. वदीअने सीटकडे पाहिलं. सीटवर कुणी नव्हतं. तिचं चामडं मधोमध दबलेलं होतं.

जुमानाला थांबवायला त्याचे पाय हलले नाहीत. हलवावेत असं त्याला वाटलंही नाही.

सहाव्या दाबानंतर तेल संपलं. आता ही गाडी कुणालाही कुठे नेता येणार नव्हती.

चर्चचं दार उघडलं. लोक तांदूळ आणि पाकळ्या उधळू लागले. केसांत पाकळ्या घेऊन, मोठ्याने हसत, रिंदला वरच्या पायरीवर आली. तिला अजून काही दिसलं नव्हतं.

जुमाना उठली. तेलाचा हात फ्रॉकला पुसत ती चालकाच्या बाजूला गेली आणि तिने दार पूर्ण उघडलं.

"मावशी," रिकाम्या सीटकडे वाकून ती हळूच म्हणाली, "उतर आता."

आणि उतरणाऱ्याला जागा व्हावी म्हणून ती दोन पावलं मागे सरकली.