पंचमीच्या सकाळी सगळी गल्ली सायकलवर

“ओ पावणं, सायकल हातात धरून चालत गेलासा तर मोजणीत येत न्हाय हं.”

इतकी वर्षं झाली, पण कळंब्याच्या रस्त्याला लागलं की शांभवीच्या कानात तो आवाज अजून तसाच येतो. थोडा चेष्टेचा, थोडा बुजरा.

दोन हजार दोनचा हिवाळा होता. रंकाळ्यापासून कळंब्यापर्यंत रस्त्याच्या कडेनं सायकलींसाठी नवी लाल वाट आखली होती. ती वाट कोण कोण वापरतं, हे काही महिने बघायचं होतं, आणि त्या कामावर शिरोळचा सम्मेद नेमला होता. सकाळच्या धुक्यात चिंचेखाली उभा राहायचा. मुठीत बटणाचं छोटं मोजणीयंत्र. सायकल गेली की अंगठा दाबायचा – टिक.

शांभवी कळंब्याच्या बालवाडीत शिकवायला जायची. त्या दिवशी नेमकी तिची चेन पडली होती. हात काळे, कपाळावर केस, आणि दूरच्या गुऱ्हाळाचा गोड वास वाऱ्यावर.

“नका मोजू जावा,” ती फणकारली. “मी काय हौसनं चालत निघालोय? माझं काय अडलंय तुमच्या मोजणीवाचून?”

“तुमचं न्हाय, आमचं अडलंय. सकाळधरनं बाईमाणूस एक न्हाय फिरकलेलं.”

“मग चेन बसवा की. एक वाढंल.”

त्यानं यंत्र खिशात टाकलं, गुडघा टेकला आणि चेन बसवून दिली. ती थोडी पुढं गेली असेल-नसेल, मागून आवाज आला – टिक. पाठीवर कुणी हळूच बोट टेकवावं, तसं झालं तिला.

मग रोजचंच झालं ते.

“आज उशीर?”

“का? यंत्राला भूक लागल्याली तुमच्या?”

“यंत्राला न्हाय…” तो म्हणायचा, आणि तिथंच थांबायचा. असाच होता तो. अर्धं वाक्य तिच्या ओढणीत टाकायचा. उरलेलं अर्धं ती कळंब्यापर्यंत मनातल्या मनात पुरं करत जायची.

धुकं गेलं, गुऱ्हाळं थंडावली, चिंचेला पालवी फुटली. ‘तुमी’चं ‘तू’ कधी झालं, दोघांनाही कळलं नाही. आषाढातल्या एका ओल्या सकाळी मात्र तो हसला नाही.

“ही वाट काढून टाकणार म्हणत्यात.”

“का रं?”

“वापर दिसंना झालाय. बायकांत तर तू एकटीच. गाड्या लावायला जागा पायजे म्हणं लोकास्नी.”

“आणि तू?”

“वाट गेली की मला आजऱ्याला धाडणार. तिकडं दुसरं काम हाय.”

शांभवी खाली चेनकडं बघत राहिली. चेन जागेवरच होती. जाऊ नको, एवढे दोनच शब्द… पण ती लिंगायताची, तो जैनाचा. आणि त्यानं अजून एकही वाक्य पुरं केलं नव्हतं. आपण कुठल्या तोंडानं म्हणायचं?

“पंचमीला सकाळी हितं ये,” ती म्हणाली. “चुकवू नको.”

“पंचमीला?” तो अडखळला. “पण पंचमीला तर…”

“का? जमत न्हाय?”

त्यानं तिच्या तोंडाकडं बघितलं. कितीतरी वेळ बघितलं.

“न्हाय… येतो की.”

त्या संध्याकाळपासून शाळेच्या पटांगणात शांभवी आपल्या गल्लीतल्या बायकांना सायकल शिकवू लागली. कुणी नवऱ्याची आणली, कुणी दिराची. शेजारच्या चिमणाबाई सगळ्यांत पुढं.

“माझ्या सुनंनं बघितलं तर म्हणंल, म्हातारी चळली.”

“मावशी, पाय फिरवा, तोंड नको.”

“पंचमीलाच का गं पण?”

“एरवी भाकरी टाकून याल व्हय?”

ते मात्र खरं होतं. नागपंचमीला विळी धरायची नाही, तवा चढवायचा नाही. वर्षातनं तेवढीच एक सकाळ गल्लीचे हात मोकळे.

आणि पंचमी आली. श्रावणाची भुरभुर, मेंदीचे हात, काष्टे खोचलेले, गजरे ओले. लाल वाटेवरून अख्खी गल्ली डुलत, धडपडत निघाली. चिमणाबाईंनी ओवी धरली –

*चाक फिरं गरागरा, वारा शिरला पदरात,*
*पाय हितं पायडलावर, जीव माझा म्हायेरात…*

चिंचेखाली सम्मेद उभा होता, इस्त्रीचा सदरा घालून. टिक… टिक… टिक. सगळ्यांच्या मागून शांभवी आली. त्यानं अंगठा दाबला आणि तसाच दाबून धरला. त्याचे डोळे भरले होते. तिला वाटलं, पावसाचं पाणी असेल.

दुसऱ्या दिवशी तवे पुन्हा चुलीवर चढले. दिवाळीच्या आत वाट उखडली गेली.

“येतो,” आजऱ्याला निघताना तो म्हणाला.

“ये,” ती म्हणाली.

पुढच्या वर्षी निपाणीचं स्थळ आलं. शांभवी हो म्हणाली.

बऱ्याच वर्षांनी ती पंचमीला माहेरी आली होती. कळंब्याच्या तळ्यावर फिरायला गेली, तर बांधावर सम्मेद. कानशिलाचे केस पिकलेले. शहरात पुन्हा सायकलींसाठी वाटा करायचं चाललं होतं; जागा बघायला आला होता.

“बरं हाय न्हवं?” त्यानं विचारलं.

“बरं हाय. तुझं?”

“हाय की. पोरगी शाळंत जाती.”

पाण्यावर बारीक थेंब पडत होते. त्याची नजर तिच्या मंगळसूत्रावर गेली, आणि लगेच तळ्याकडं वळली.

“एक सांगायचं ऱ्हायलं तुला. त्या पंचमीला सुट्टी हुती मला. सणाच्या दिवसाची मोजणी धरतच न्हाईत. नियम हाय तसा.”

ती हळूच म्हणाली, “मग बटण कशाला दाबत हुतास?”

“तू येत हुतीस म्हणून.”

“आधी सांगायचं न्हाईस?”

“सांगितलं असतं तर आली नसतीस. तुला तसं येताना बघायचं हुतं मला… एकदा.” तो कसंनुसं हसला. “मला वाटलं, वाट वाचवाया धडपडलीस तू. लई माया त्या वाटंवर.”

शांभवीनं पदर खांद्यावरून ओढून घेतला. आज शब्द गिळायचे नाहीत, असं तिनं मनाशी धरलं.

“वाट गेली असती खड्ड्यात,” ती म्हणाली. “तू जाऊ नयेस म्हणून आलतो रं मी… सगळी गल्ली घेऊन.”