खालच्या थरातले आकडे

अण्णासाहेब चौगुल्यांनी पिशवीतून लॅपटॉप काढून टेबलावर ठेवला, तेव्हा त्याला चक्क कोथिंबिरीचा वास येत होता.

“अण्णा, हा फ्रिजमध्ये ठेवला होतात की काय?” सुनेत्रा मगदूमनं विचारलं.

“होय की. दोन दिवस. कुणीतरी म्हणालं, गार केला की चालतो.”

“अहो, लॅपटॉप आहे तो, श्रीखंड नव्हे!”

अण्णा ओशाळून हसले. एकोणऐंशी वर्षांचा हा माणूस सांगलीत गेली वीस वर्षं वधूवर केंद्र चालवत होता आणि या एकाच लॅपटॉपवर. सगळी सांगली कधीच क्लाउडवर गेली होती. अण्णा मात्र हटून बसले होते. लोकांच्या लेकीबाळींची माहिती मी परक्याच्या घरी ठेवत नाही, म्हणायचे. आता त्यांची हार्ड डिस्क आतून टकटक वाजत होती आणि उघडत काहीच नव्हतं. रविवारी मेळावा होता, तीनशे कुटुंबं येणार होती.

“निघेल ना गं सगळं?”

“सगळं निघेल. आठ वर्षं घालवलीत मी या यंत्रापायी, ती काय उगाच?”

ही बढाई नव्हती. सुनेत्रानं स्वतः बनवलेलं ते यंत्र, थरवाचक, होतंच तसं. हार्ड डिस्कच्या तबकडीवर लिहिणारं टोक पुन्हा पुन्हा फिरतं, पण दरवेळी केसभर इकडेतिकडे सरकतं. बांधाकडेला नांगर पोहोचत नाही आणि जुनं गवत राहून जातं, तसा जुन्या मजकुराचा चुंबकीय अंश कडेला उरतो. थरवाचक तो अंशही वाचायचा. पुसलेलं, वर दुसरं काही लिहिलेलं, सगळं वर यायचं.

तिनं तबकडी काढून यंत्रात बसवली. तासाभरात पडद्यावर दोन रकाने भरू लागले, डावीकडे वरचा थर, उजवीकडे खालचा. नावं, शिक्षण, उंची दोन्हीकडे तंतोतंत एक. फक्त गुणमेलनाचे आकडे काही ठिकाणी वेगळे. वर सत्तावीस, खाली तेरा. वर पंचवीस, खाली नऊ. यंत्र चुकलं असेल हा विचार सुनेत्राच्या मनाला शिवलाही नाही.

“अण्णा, हे काय आहे?”

अण्णांनी चष्मा लावला, पाहिलं आणि त्यांचा चेहरा खर्रकन उतरला.

“हे मी पुसलेलं होतं गं.”

“माझ्या यंत्राला पुसलेलं कळत नाही.”

मग त्यांनी सगळं सांगून टाकलं. एका मुलीला पत्रिकेपायी एकोणीस स्थळांनी नकार दिला होता. विसावा मुलगा तिला शोभेलसा होता, पण गुण जुळत होते बारा. अण्णांनी बाराचे सव्वीस केले. दोघांचा संसार झकास चालला. तेव्हापासून जिथं माणसं जुळताना दिसली पण आकडे आडवे आले, तिथं त्यांनी आकडा बदलला. अशी चारशे बारा लग्नं झाली होती.

सुनेत्राची बोटं आपसूक चालली. अठरा वर्षांपूर्वीचं तिचं स्वतःचं लग्न याच केंद्रातून जमलं होतं. तिनं नाव टाकलं. वर एकोणतीस. खाली अकरा.

तिला असा संताप आला की खुर्ची मागे सारून ती उभीच राहिली. आठ वर्षांपूर्वी नोकरी सोडून ती या यंत्रामागे लागली, तेव्हा नवऱ्याशी, जयसिंगशी भांडून बॅग भरून ती तासगावला माहेरी निघून गेली होती. “एकोणतीस गुण जुळलेत, हे तुटायचं नाही,” असं म्हणत आईनं तिला परत पाठवलं होतं. आणि ती आली होती, त्या आकड्यावर भरवसा ठेवून.

“फसवलंत तुम्ही आम्हाला!”

“फसवलं,” अण्णा म्हणाले. “पण तुला बघायला आला ना तो, तेव्हा मी तिथंच बसलो होतो. लग्नानंतर काम चालू ठेवणार का, असं त्यानं तुला विचारलं आणि तुझं बोलणं पुरं होईपर्यंत चहाच्या कपाला हात लावला नाही. असा मुलगा मी अकरा गुणांपायी जाऊ देऊ?”

सुनेत्रा पुन्हा खुर्चीत बसली. थोड्या वेळानं तिच्यातली शास्त्रज्ञ जागी झाली. दर दिवाळीला अण्णा प्रत्येक जोडप्याला फोन करायचे आणि कसं चाललंय ते टिपून ठेवायचे. त्या टिपाही बाहेर आल्या होत्या. तिनं दोन गट पाडले. खरोखर गुण जुळलेल्या जोडप्यांत शंभरातली सहा वेगळी झाली होती. आकडा बदललेल्यांतही सहाच.

“अण्णा, हे बघा! काडीचाही फरक नाही. असा पुरावा कुणाकडेच नसेल. नावं वगळून विद्यापीठाला देऊ या. पत्रिकेपायी नाकारलेल्या किती मुली सुटतील!”

“आणि मी जुळवलेल्या घरांचं काय? जो तो विचारत येईल, आमचा आकडा खरा की खोटा? तो खालचा थर पुसून टाक. हात जोडतो.”

“पुरावा पुसू? जमायचं नाही.”

अण्णांनी पडद्यावरच्या दोन्ही गटांवरून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाले, “तुझ्या हिशेबात एक गट कमी आहे, पोरी.”

“कुठला?”

“या दोन्ही गटांतल्या सगळ्यांना वाटत होतं, आपलं जुळलंय. त्या भरवशावर त्यांनी निभावलं. जुळलं नाही हे माहीत असून नांदलेली माणसं यात कुठं आहेत?”

सुनेत्रानं दोन्ही गट पुन्हा चाळले, तसं एकही नाव नव्हतं. त्या गटात आता एकच बाई होती, ती स्वतः.

“जयसिंगला सांग,” अण्णा म्हणाले. “त्यानंतरही हे जगाला द्यावंसं वाटलं, तर माझी परवानगी आहे. पुसावंसं वाटलं, तर पूस. मी तोंड उघडणार नाही.”

तिनं फोन लावला. जयसिंग कारखान्यात होता, मागे यंत्रांची घरघर चालली होती.

“अहो, एक सांगायचंय. आपले गुण एकोणतीस नव्हते, अकराच होते. अण्णांनी आकडा बदलला होता.”

तो हसेल, अशी तिची खात्री होती. तो हसला नाही. घरघर कमी झाली, बहुतेक तो बाहेर आवारात आला होता.

“तू तासगावला गेली होतीस ना,” तो सावकाश म्हणाला, “तेव्हा रोज वाटायचं, सोडून द्यावं सगळं. पण एकोणतीस गुण जुळलेत म्हटल्यावर चूक माझीच असणार, असं धरून मी तुला आणायला निघालो होतो. तेवढ्यात तूच दारात.”

सुनेत्रानं फोन कानाशी घट्ट धरला. हे त्यानं कधीच सांगितलं नव्हतं.

“सुनेत्रा,” त्यानं विचारलं, “तेव्हा अकरा माहीत असते, तर तू परत आली असतीस?”