बंपरवरचा आठवा घाव

चाकणच्या प्रयोगशाळेत ती लाल अमेरिकन गाडी लिफ्टवर चढवलेली होती आणि डॉ. वसुधा केंदूरकरांना वीट आला होता. गाडीचा नाही. गाडी देखणी होती, १९७० सालची, आठ सिलिंडरची मसल कार. कोल्हापूरच्या तातोबा मिस्त्रींनी गंजक्या सांगाड्यातून ती पुन्हा उभी केली होती. वीट आला होता तो लिलावघराच्या निशिकांत पाठारेचा. परवा ऑनलाइन लिलाव सुरू व्हायचा होता आणि हा गृहस्थ कॉफीचा कप घेऊन विचारत होता, "मॅडम, हिच्यात काही मसाला निघेल का?"

"मसाला म्हणजे?"

"इतिहास हो. नुसत्या चकचकीत गाड्या लोक पाहून पाहून कंटाळलेत. तुमचं धातुस्मृतिवाचक यंत्र नक्की काय सांगतं, ते मला गिऱ्हाइकाला समजेल असं सांगा."

वसुधाने सांगितलं. "घाव बसला की पोलादातल्या कणांच्या रांगा सरकतात. तुम्ही पत्रा ठोकून सरळ करा, क्रोम चढवा, आतल्या रांगा वाकड्याच राहतात. यंत्र त्या वाचतं. वर्षं जातात तशा त्या थोड्या सैलावतात, त्यावरून घावाचं वय कळतं."

"आणि घाव कशाचा, ते?"

"ते आघातकोशावरून. झाड, खांब, दगड, हरीण, माणूस, प्रत्येकाचा ठसा कोशात आहे. ज्याच्याशी जुळेल त्याचं नाव येतं. कोश परदेशी प्रयोगशाळेने केलाय, आपण विकत घेतलाय."

तासाभराने यंत्राने पुढच्या बंपरचा निकाल दिला. मानवी कवटी. वय तीन वर्षं.

तीन वर्षांपूर्वी ही गाडी तातोबांच्या शेडमध्ये होती. वसुधाने नियमाप्रमाणे पोलिसांना कळवलं आणि पाठारेला गाडी लिलावातून काढायला सांगितलं. त्याने काढली नाही. पोलिसांनी गाडीला सील ठोकलं, तर त्याने सीलचाच फोटो लिलावाच्या पानावर टाकला आणि खाली लिहिलं, 'प्रमाणित प्राणघातक आघात'. चार कोटींची बोली दोन दिवसांत अकरा कोटींवर गेली. लोक प्रश्न विचारत होते. बाई होती की पुरुष? जागच्या जागी गेला का? एकाने तर बंपर न धुता मिळेल का, असं विचारलं होतं. हात जोडल्याचं चित्रही टाकलं होतं मेल्याने. 

इकडे तातोबांना अटक झाली. सहासष्ट वर्षांचा माणूस, उभ्या आयुष्यात कधी पोलीस ठाण्याची पायरी चढला नव्हता. वसुधाला राहवेना. ती कोल्हापूरला जाऊन त्यांना भेटली.

"मिस्त्री, मला खरं सांगा. त्या बंपरवर काय आपटलं?"

"नारळ," तातोबा म्हणाले.

"काय?"

"नारळ की वो. आमच्यात गाडी पुरी झाली की नारळ दगडावर फोडत न्हाईत, तिच्याच बंपरवर फोडत्यात. वस्तादांची रीत हाय. एका दणक्यात फुटला की काम पक्कं. पोचा पडला तर मागनं ठोकून काढायचा, मग बंपर क्रोमला धाडायचा."

"हे पोलिसांना सांगितलंत?"

"सांगितलं तर. ते म्हणत्यात, मशीन काय खोटं बोलतंय व्हय? पोराच्या सासरच्यांनी यायचं बंद केलंय, बाई. शेडवर कुणी दगड मारून गेलं. मी मेलो तरी चालंल, पर खुनी म्हणून नगं."

वसुधा परतली ती बाजारातून नारळ घेऊनच. एका भंगार बंपरवर तिने दणकन नारळ फोडला आणि यंत्र लावलं. मानवी कवटी, चौऱ्याण्णव टक्के. तिला स्वतःचीच लाज वाटली. नवी स्कूटर आली, नारळ. दुकान उघडलं, नारळ. यात वाढलेली बाई ती, आणि विकतच्या कोशात नारळ असणारच नाही हे तिच्या डोक्यात येऊ नये? काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय.

तिने आठवडाभर चाळीस नारळ फोडले, सगळ्या खात्याने खोबऱ्याच्या वड्या खाल्ल्या, आणि यंत्र फरक शिकलं. नारळ फुटून मोकळा होतो, भार एकदम उतरतो. कवटीमागे धडाचं वजन असतं, तो भार रेंगाळतो. लाल गाडीचा घाव पुन्हा वाचला. नारळ. तातोबा सुटले.

बोली तीन कोटींवर आपटली. लिलावाच्या पानावर एकाने संतापून लिहिलं, 'म्हणजे कुणी मेलंच नाही? ही सरळसरळ फसवणूक आहे.' त्याला दोनशे जणांनी दुजोरा दिला होता. वसुधाने पान बंद केलं.

अर्थात हावरे लोक तेवढ्यावर थांबले नाहीत. नारळ म्हणजे कवटी एवढंच अर्धवट ऐकून काही जण भाव चढवायला बंपरवर नारळ आपटून गाड्या आणू लागले. एका बिल्डरने पाठारेच्याच लिलावासाठी पाठवलेल्या काळ्या मसल कारवर तर सात घाव निघाले. साती नारळ. वसुधाने ती गाडी परत पाठवली आणि अहवालात ठणकावून लिहिलं, 'नारळ आणि कवटी यांतला फरक यंत्राला आता अचूक कळतो. असे प्रयत्न व्यर्थ आहेत.'

दीड महिन्याने तीच काळी गाडी पुन्हा आली.

त्या दिवशी तातोबा प्रयोगशाळेत होते. वसुधाने आता त्यांना सल्लागार म्हणून नेमलं होतं. त्यांनी बंपरवरून तळवा फिरवला आणि एका जागी थांबले. "बाई, मागल्या टायमाला सात हुते न्हवं? ह्यो आठवा हाय. नवा ठोकून काढलाय."

वसुधाने यंत्र लावलं. पहिले सात घाव, नारळ. आठव्यापाशी भार एकदम उतरला नाही. तो रेंगाळला. वय अकरा दिवस.

तिने तेच वाचन तीनदा घेतलं. मग तिला आपल्या अहवालातली ती दोन वाक्यं आठवली. व्यर्थ म्हणून तिने बंद केले होते ते फक्त नारळ; खरी कवटी यंत्राला कळते, हेही तिनेच लिहून दिलं होतं.

तातोबांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. त्यांना कुणी काही सांगावं लागलं नाही.

वसुधाने पोलिसांना लावण्यासाठी फोन उचलला, तेवढ्यात तोच वाजला. पाठारे होता.

"मॅडम, काळी गाडी पोचली ना? मालक विचारतायत," तो म्हणाला. त्याचा आवाज आनंदी होता. "या वेळी तरी निघालं का काही?"