चौथा बोर्ड

"चौथा बोर्ड मिळणार नाही," दुकानदार म्हणाला.

म्हणजे काय! माझ्याच वयाचा, गळ्यात व्होल्टेज मोजायचा मीटर अडकवलेला हा माणूस गिऱ्हाइकाला चक्क परत पाठवत होता.

"तीन दिवसांत तीन जाळलेत तुम्ही. करताय तरी काय?"

राग गिळून मी सांगितलं. बाबांची बॅटरीवर चालणारी चाकांची खुर्ची दोन महिन्यांपूर्वी भर चढावर बंद पडली. तेव्हापासून ते एकटे दाराबाहेर पडलेले नाहीत. चौकापलीकडचा त्यांचा बुद्धिबळाचा जोडीदार वाट बघून थकला. बॅटरी किती उरली ते या छोट्या इलेक्ट्रॉनिक बोर्डाने खुर्चीच्या हातावर दाखवलं, तर बाबा पुन्हा निघतील… एवढंच मला हवं होतं.

"बॅटरी चोवीस व्होल्टची, बोर्डाला सोसतात फक्त ३.३. म्हणून मध्ये दोन रेझिस्टर लावून व्होल्टेज विभागलं." मी वही त्याच्यापुढे आपटली. "शाळेत गणित शिकवते मी. हिशेब चोख आहे!"

तो गालातल्या गालात हसला. "हिशेब चोखच आहे, बाई. आकडा चुकलाय. चोवीस तर लेबलवर लिहिलेत. चार्जिंग चालू असताना कधी मोजलंत?"

मी… कधीच नाही. माझे कान तापले.

संध्याकाळी तो मीटर घेऊन घरीच आला. चार्जर लावलेला होता. मीटरवर आकडा उमटला — २८.८!

"तीसच्या वर धरून चालायचं," तो म्हणाला. "वर शंभर किलोओहमचा रेझिस्टर, खाली दहाचा. बोर्डाकडे जाईल फक्त अकरावा हिस्सा."

"जोडू बोर्ड?"

"अंहं… आधी मीटर."

त्याने मीटरच्या तारा माझ्या हातात दिल्या. बोटाला बोट लागलं, आणि मी आकडा वाचायचंच विसरले! मग वाचला. २.६२.

"आता जोडा," म्हणत त्याने खिशातून चौथा बोर्ड काढला. मी आनंदाने ओरडलेच.

रविवारी सकाळी बाबा एकटे निघाले. खुर्चीच्या हातावर आकडा होता अठ्ठ्याण्णव टक्के. ते चढावर दिसेनासे झाले, तरी तास-दीड तास आम्ही दोघं फाटकाशीच थांबलो. माझा जीव टांगणीला लागला होता.

"एक कबूल करू?" तो म्हणाला. "तुम्ही नेलेले रेझिस्टर बघून चूक काय असेल ते मला दुसऱ्या बोर्डाच्या वेळीच कळलं होतं."

"काय? मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो, तर तुम्ही परत आला नसतात…"

"लबाड! आणि चौथ्याला का अडवलंत?"

"तुमचे डोळे रडलेले दिसले. मग राहवेना." तो मीटरच्या तारांशी चाळा करत राहिला. "मला आवडता तुम्ही. फार."

खरं तर मला रागवायचं होतं. पण हसूच फुटत होतं… तेवढ्यात चाकांचा आवाज आला. बाबा! चेहरा नुसता फुललेला.

"हरवलं त्याला!" ते लांबूनच ओरडले. मग आम्हा दोघांकडे बघून थांबले. "तुमचं बोलणं झालं का?"

"झालं," मी म्हणाले.

"नाही," तो म्हणाला.

बाबांनी हातावरचा आकडा पाहिला. एकसष्ट. आणि खुर्ची पुन्हा चढाकडे वळवली.